टेकड्या वाढल्या तेव्हा

वन्संचं बोलणं चालू आहे तोवर चढ एका टिंबाचा, असं वहिनीचं मोजमाप होतं. वाक्यं मध्येच तुटायला लागली की दोन टिंबांचा. वाक्यं संपून नुसते शब्द उरले, 'हो ना', 'बघ', 'तेच', तर तीन. आणि वन्सं साफ गप्प झाल्या तर चार. चार टिंबांचा चढ त्या सगळ्या मुलुखात एकच होता, पवनचक्कीचा. तिथेही माथ्यावर पोचल्यावर वन्सं तुटलेलं वाक्य तुटल्या जागेपासून उचलत. मधले सातशे मीटर जणू आलेच नव्हते.

हे मोजमाप वहिनीने कुणाला सांगितलेलं नव्हतं. वन्संना तर नाहीच नाही. जिच्या तोंडाचा पट्टा हेच आपलं यंत्र, तिला ते सांगितलं की यंत्र बिघडलंच म्हणून समजा.

वन्सं म्हणजे तिची नणंद. नवऱ्याची धाकटी बहीण, पण वहिनीपेक्षा तीन वर्षांनी मोठी. त्यामुळे लग्न झालं त्या दिवशी एक गाठ बसली ती बसलीच: वयाने मोठी म्हणून ही तिला अहो-जाहो करणार, आणि नात्याने लहान असूनही ती हिला 'अगं वहिनी' म्हणून हाक मारणार. पहिली पंधरा वर्षं एकमेकींना पाण्यात पाहण्यात गेली. मग वन्सं एकट्या पडल्या. दोन गल्ल्या सोडून त्यांनी शिवणकामाचं दुकान काढलं आणि मागच्या खोलीत राहायला लागल्या. भांडायला मुद्दाम चालत यावं लागतं म्हटल्यावर भांडणं आपोआप कमी झाली.

वहिनी वीज कंपनीत मीटर वाचायची. एकतीस वर्षं. गावाबाहेरचा सगळा भाग तिच्याकडे होता, कारण तो कुणालाच नको होता. तिथे डोंगर म्हणावा असा एकही नाही आणि सपाटी म्हणावी अशीही नाही. कुणी चादर झटकून घडी न घालता तशीच टाकून द्यावी तशी ती जमीन. एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत जायचं तर उतरायचं, चढायचं, पुन्हा उतरायचं. कंपनीने तिला सायकल दिली आणि एक जाड वही दिली. कोणत्या घराचं कुत्रं चावतं, कोणत्या घरचं नुसतं भुंकतं आणि कोणत्या घरात कुत्र्यापेक्षा मालकच बरा नाही, हे तिला पाठ झालं.

एकतीस वर्षांत तिचं रीडिंग एकदाही चुकलं नाही. हा तिचा एकुलता एक अभिमान, आणि तोही ती बोलून दाखवत नसे. पण आकडे वाचता वाचता तिला दुसरंच काही वाचायची सवय लागली होती. ओढ्यापलीकडे एक म्हातारं जोडपं राहायचं. त्यांच्या वापराचा आकडा दर हिवाळ्यात थोडा उतरायचा. वहिनीला दारात उभ्या उभ्या कळायचं, आणखी एक खोली बंद झाली. वरची माडी बंद झाली, मग मागची खोली, मग बसायची खोली. शेवटी स्वयंपाकघरातल्या एका दिव्यावर आणि एका शेगडीवर येऊन आकडा थांबला. कंपनीचा नियम मात्र सरळ होता: सलग तीन वेळा वापर उतरला तर घरमालकाला काही विचारायचं नाही, आधी मीटर तपासायला पाठवायचा.

ती निवृत्त झाली त्याच वर्षी गावातल्या सायकल मंडळाने तिला बोलावलं. रविवारी पन्नास-साठ जण सायकली घेऊन बाहेर पडत आणि त्याच त्या हमरस्त्याने जाऊन त्याच रस्त्याने परत येत. त्यांना वाटा हव्या होत्या. "काकू, तुम्हाला सगळ्या वाटा पाठ. आम्हाला लिहून द्या," असं म्हणाले. वहिनी हो म्हणून आली आणि घरी येऊन अडचणीत पडली. मीटर वाचायला एकटं फिरणं वेगळं, उगाच फिरणं वेगळं. लोक विचारतील, बाई, निघालात कुठे? काय सांगणार?

"मी येते," वन्सं म्हणाल्या होत्या. "दिवसभर मशीनचं पायडल मारते. हे काय वेगळं आहे? उलट इथे जागा तरी बदलेल."

तेव्हापासून आठ वर्षं दर रविवारी सकाळी दोघी निघत. आदल्या संध्याकाळी वहिनीचा नवरा दोन्ही सायकलींच्या चाकांत हवा भरून ठेवी, साखळ्या पुसून त्यांना तेल देई आणि स्वतः मात्र कधी सायकलवर बसत नसे. "घरात तोल सांभाळणारा एक तरी माणूस पाहिजे," असं त्याचं म्हणणं. वन्संनी दोघींना पाठीला तीन खिसे असलेले सदरे शिवले. एका खिशात पाणी, एकात बिस्किटं, तिसऱ्यात वहिनीची वही. पुढे सगळ्या मंडळालाच ते सदरे हवे झाले.

वाटा चौदा निघाल्या, त्यांवर मोजण्यासारखे चढ सव्वीस. पहिली मार्गपुस्तिका छापून आली ती बघून वन्सं म्हणाल्या, "हे काय गं लिहिलंयस? वाटेत ती बदकं दिसली, त्यांचं काही नाही?" नव्हतंच. वहिनीचं लिहिणं असं होतं: 'मार्ग सहा. बत्तीस किलोमीटर. गिरणीपासून डावीकडे. पूल अरुंद, समोरून गाडी आल्यास थांबणे. वीटभट्टीचा चढ, दोन टिंबं. माथ्यावर वारा.' ज्यांना सायकल चालवायची त्यांना तेवढं पुरत होतं. 'माथ्यावर वारा' हे तीन वेळा लिहिलेलं होतं आणि तिन्ही वेळा खरं होतं.

यंदा पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघायची होती. वर्षभर त्यांनी जवळजवळ सगळ्या वाटा पुन्हा केल्या. कुठे पूल नवा झाला होता, कुठे गिरणी बंद पडली होती. चढांची टिंबं वहिनीने नव्याने लावली आणि मजकूर मंडळाकडे दिला. छापायला टाकण्याआधी मंडळाच्या चिटणीसबाईंनी तो चार सभासदांना वापरून बघायला दिला. पंधरा दिवसांनी त्यांचा निरोप आला, काकू, जमलं तर दवाखान्यात या.

चिटणीसबाई दातांच्या डॉक्टर होत्या, वयाने वहिनीच्या मुलीसारख्या. दवाखान्यात बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून वहिनी पेशंटच्या खुर्चीत बसली. बसल्याबरोबर खुर्ची मागे कलली.

"काकू, रागावू नका हं," चिटणीसबाई म्हणाल्या.

"आडवी पडलेली बाई काय रागावणार?"

चिटणीसबाई हसल्या आणि त्यांनी तिच्या पुढ्यात दोन कागद धरले. एक जुन्या पुस्तिकेचं पान, एक नवा मजकूर. "हा वीटभट्टीचा चढ. आधी दोन टिंबं, आता तीन. आमचा एक सभासद म्हणाला, मी तर गाणं म्हणत चढलो. मग मी सगळेच ताडून पाहिले. सव्वीसातले एकोणीस चढ एकेका टिंबाने वाढलेत. कमी झालेला एकही नाही." त्यांनी कागद जरा खाली केले. "टेकड्या वाढतात का हो काकू?"

वहिनीने कागद हातात घेतले. दिवा डोळ्यांवर येत होता. एकतीस वर्षांत तिला असं कुणी विचारलं नव्हतं.

"रस्ता उखडला असेल," ती म्हणाली. "मी बघून सांगते."

चिटणीसबाईंनी जाताना तिला काड्यापेटीएवढं एक यंत्र दिलं. सायकलच्या दांडीला लावायचं. शंभर मीटर गेल्यावर आपण किती मीटर वर चढलो ते त्यात दिसतं. "महिनाअखेर छापखान्यात द्यायचंय. घाई नाही तशी," त्या म्हणाल्या. घाई आहे हे सांगायची ही डॉक्टरांची पद्धत वहिनीला माहीत होती.

दुसऱ्या दिवशी, मधल्याच वारी, वहिनी एकटी निघाली. वन्संना सांगितलं नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा. वीटभट्टीपाशी रस्ता गुळगुळीत होता, मागल्या वर्षी डांबर पडलेलं. यंत्राने चार दाखवले. शंभरला चार. ती तशीच पुढे पाटाच्या चढाला गेली. तो फेरीतून सुटला होता, पुन्हा मोजायचा राहिला होता, म्हणून त्याची जुनी दोन टिंबं तशीच होती. तिथेही यंत्राने चारच दाखवले. एकसारखे दोन चढ. एकाला दोन टिंबं, दुसऱ्याला तीन.

माथ्यावर ती पाय टेकून उभी राहिली. खाली पिवळी-हिरवी शेतं एकावर एक सरकत गेलेली, त्यांतून रस्ता दिसायचा, बुडायचा, पुन्हा दिसायचा. टेकड्या होत्या तिथेच आणि होत्या तेवढ्याच होत्या. त्यांना वाढायची काय गरज पडली होती?

घरी येऊन तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर आठही वर्षांच्या वह्या मांडल्या. दुपार होती. नवरा खिडकीपाशी चष्म्याची दांडी घट्ट करत बसला होता.

वहिनीच्या वह्यांत एक गोष्ट होती जी पुस्तिकेत कधी जात नसे. चढावर नेमकं कुठे काय झालं हे ती विजेच्या खांबाच्या नंबरावरून लिहायची. नोकरीतली सवय. तिला शेतं, झाडं, वळणं यांवर भरवसा नव्हता. झाड तोडतात, वळण सरळ करतात, खांब मात्र नंबरासकट उभा असतो. वीटभट्टीचा चढ अठ्ठावीस नंबरच्या खांबापासून सुरू होतो आणि पंचेचाळिसावर संपतो. तिने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. पहिलं वर्ष: वन्संचं वाक्य तुटलं, खांब ४१. दुसरं वर्ष, ४१. तिसरं, ४०. मग पुन्हा ४०. मग ३९, ३९. मागचं वर्ष, ३६. या वर्षी, ३१.

तिने दुसरा चढ काढला, तिसरा काढला. सगळीकडे तेच. सहा वर्षं जागच्या जागी, एखाद्या खांबाचा फरक, तो वयाचा. आणि मग दोन वर्षांत धाडकन खाली. वन्सं चढाच्या पायथ्याकडे सरकत आल्या होत्या. वहिनीने ते स्वतःच्या हाताने, तारखेनिशी, सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं आणि टिंबं टेकड्यांना लावली होती.

पण खरी लाज पुढेच होती. यंदाच्या वहीत समासात जागोजाग लिहिलेलं होतं: 'वन्सं ऐकत होत्या.' वहिनीला आठवलं. गेल्या वर्षभरात वन्सं पहिल्यांदाच तिला काही विचारायला लागल्या होत्या. चढ सुरू व्हायच्या जरा आधी. अगं वहिनी, ते ओढ्यापलीकडचं जोडपं म्हणायचीस, त्यांचं काय झालं गं? अगं वहिनी, तुझ्या कंपनीतला तो साहेब खरंच खांबावर चढला होता का? आणि वहिनी बोलायची. जन्मात जी बोलली नाही ती बाई चढभर बोलायची, वन्सं 'हं', 'हं' करत मागून यायच्या. केवढं बरं वाटायचं. चाळीस वर्षांनी या बाईला आपलं काही ऐकावंसं वाटलं!

म्हणजे ज्या चढावर ती स्वतः न थांबता गोष्ट सांगत होती, त्याच चढाला तिने घरी येऊन तीन टिंबं दिली होती. स्वतःच्या दमाकडे बघायचं तिला सुचलंच नाही. तिचा विश्वास यंत्रावर होता.

"काय गं, एवढी कसली बेरीज चाललीय?" नवऱ्याने विचारलं.

"वजाबाकी," वहिनी म्हणाली.

"तुझी चूक निघाली?"

"हो."

नवरा चष्मा न लावताच तिच्याकडे बघत राहिला. ही आपलं चुकलं म्हणते, याचंच त्याला नवल वाटलं असावं. बहिणीबद्दल तो काही विचारेल म्हणून तिने वह्या मिटल्या. वन्संना आपल्या तब्येतीबद्दल कुणी चारचौघांत बोललेलं खपत नसे. आधी त्यांच्याशीच बोलायला हवं होतं, आणि तेच तिला नको होतं. बोललं की डॉक्टर आला. डॉक्टर आला की सायकल गेली. सायकल गेली की रविवार गेला. रविवार सोडला तर त्या दोघींच्यात होतं काय? एक माणूस, जो हिचा नवरा आणि तिचा भाऊ होता, आणि तो चष्म्याची दांडी घट्ट करत होता.

शनिवारपर्यंत तिने तीनदा ठरवलं की सांगायचं आणि तीनदा ठरवलं की पुढल्या रविवारी सांगायचं. ती चालढकल तिला ओळखीची होती. वापर उतरलेला दिसायचा, मीटर तपासायला पाठवायचा फॉर्मही पिशवीत असायचा, आणि तरी एखाद्या घरी ती म्हणायची, पुढल्या वेळी बघू. सव्वीस चढ, दोन वर्षं. नियमाप्रमाणे तीन रीडिंगं कधीच उलटून गेली होती.

रविवारी त्या मार्ग सहानेच निघाल्या. गिरणीपर्यंत वन्संनी एका गिऱ्हाइकाची हकिकत सांगितली. त्या बाईने माप द्यायला धाकट्या बहिणीला पाठवलं होतं. "आणि मग मलाच म्हणते, घट्ट कसा झाला! अगं बाई, तुझ्या बहिणीला विचार, तिला कसा होतो!" पूल ओलांडला. समोर वीटभट्टीची चिमणी दिसायला लागली आणि वन्सं अगदी सहज म्हणाल्या, "बरं, ते सांग. त्या साहेबाचं पुढे काय झालं? खांबावरून उतरवला का शेवटी?"

 नेहमी वहिनी पुढे असे, आज तिने सायकल हळू करून वन्संना पुढे जाऊ दिलं. अठ्ठावीस. एकोणतीस. नुसता श्वास ऐकू येत होता. लाकडावरून कानस फिरावी तसा. वहिनीला स्वतःचा राग आला, पण ती गप्पच राहिली. ऐकायचं होतं ते ऐकायलाच हवं होतं. एकतिसाव्या खांबापाशी वन्सं उतरल्या.

"साखळी पडली वाटतं," त्या म्हणाल्या. आणि सायकलला टेकून खाली बघत राहिल्या. साखळी जागेवर होती. कालच तिला तेल दिलेलं होतं.

"वन्सं, बसा."

"बसायला काय झालंय? साखळी..."

"बसा म्हणते ना."

रस्त्याच्या कडेला नाल्यावर सिमेंटचा बुटका कठडा होता. वन्सं बसल्या. त्यांच्या ओठांचा रंग जरा निराळा दिसत होता. वहिनीने पाण्याची बाटली दिली आणि त्यांचं पिऊन होईपर्यंत वाट पाहिली. मग पाठीच्या खिशातून वही काढली आणि जे होतं ते सांगितलं. टिंबं, खांब, एक्केचाळीस, छत्तीस, एकतीस. तिला शब्द फिरवून सांगता येत नव्हतं. मीटरचं रीडिंग सांगावं तसंच तिने सांगितलं.

वन्संनी वहीतल्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आठ वर्षं मी तुझं यंत्र?"

"हो."

"मी बोलत होते ते तू ऐकत नव्हतीस. मोजत होतीस."

"दोन्ही करत होते."

"त्या गिऱ्हाइकाच्या बहिणीचं काय झालं, सांग बरं?"

"माप तिचं, सदरा हिचा, शिव्या तुम्हाला."

वन्संना हसू आलं, पण हसायला दम पुरला नाही. त्या खोकल्या. "आतल्या गाठीची आहेस हो! मला वाटायचं, बिचारी गरीब गाय, मुकाट ऐकून घेते. आणि ही माझी नोंद ठेवतेय. दादाला माहीत आहे?"

"नाही. कुणालाच नाही."

"मला माहीत होतं," वन्सं एकदम म्हणाल्या. रस्त्याकडे बघत. "मागल्या हिवाळ्यापासून. मशीनवर बसलं तरी कधीकधी... दुकानाचा जिना चढले की मधल्या पायरीवर उभी राहून उगाच किल्ली शोधते. किल्ली हातातच असते. म्हटलं, तुला कळलं तर तू काय करशील, तर मला घरी बसवशील. तू शिस्तीची. म्हणून तुलाच बोलायला लावलं. काय करणार? बोलायला बसले तर दम तुटणार, गप्प बसले तर तू म्हणणार, वन्संना काय झालं?"

वहिनी वही मिटून हातात धरून उभी होती. तिला एक विचारायचं होतं आणि विचारायला तोंड नव्हतं. दोन सायकलवाले खालून आले, मंडळाचेच, पाठीला तीन खिसे. हात करून बोलत बोलत वर निघून गेले.

"मग ते ऐकत होतात ते..." वहिनी म्हणाली.

"काय?"

"त्या जोडप्याचं. साहेबाचं."

वन्संनी तिच्याकडे पाहिलं. "आधी दम खायला विचारायचे. खोटं कशाला बोलू?" त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "पण त्या म्हातारीने शेवटचा दिवा कोणत्या खोलीत ठेवला, ते मी घरी गेल्यावर विचार करत बसले होते. दोन दिवस. एवढं सांगते. आता त्याला तुझी किती टिंबं ते तूच ठरव."

डॉक्टरांकडे उद्याच जायचं असं ठरलं. वन्संनी अट घातली की दादाला तू सांगायचंस, मी नाही, तो घाबरला की मला हसू येतं. त्या दिवशी चढ तिथेच सोडला. दोघी सायकली हातात धरून उतारावरून चालत खाली आल्या आणि पुलापासून कमी चढाच्या रस्त्याने हळू घरी गेल्या. वाटेत वन्सं बोलल्या नाहीत आणि वहिनीने साहेबाची गोष्ट पुरी सांगितली. त्याला खांबावरून उतरवला होता. शिडी आणायला गेलेला माणूस वाटेत चहाला थांबला होता, म्हणून उशीर झाला, एवढंच.

हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. डॉक्टरांनी पडद्यावर ती दाखवली, एखादं दार अर्धवटच उघडून पुन्हा मिटावं तशी. बदलता येते, म्हणाले. पाच आठवड्यांनंतरची तारीख दिली. तोवर चढ नाही, जिना सावकाश, वजन उचलायचं नाही.

"सायकल?" वन्संनी विचारलं.

"आजी, तुम्हाला आत्ता सायकल सुचतेय?"

"तुम्हाला झडप सुचतेय, मला सायकल. ज्याचं त्याचं काम."

डॉक्टरांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीने नजर हलवली नाही. "अगदी सपाट असेल तर," ते नाइलाजाने म्हणाले, "हळू, थोडं अंतर, आणि एकटीने नाही. छातीत जराही भरून आलं, चक्कर आली, तर तिथेच थांबायचं. पण चढ म्हणजे चढ. एका टक्क्याचाही नको."

त्याच संध्याकाळी वहिनी दातांच्या दवाखान्यात गेली. या वेळी उभीच राहिली. तिने एकोणीसच्या एकोणीस जादा टिंबं खोडून आणली होती. चिटणीसबाईंनी कागद पाहिला. "कारण काय लिहू काकू? सभासद विचारतील."

"लिहा, मोजणारीची चूक," वहिनी म्हणाली आणि यंत्र त्यांच्या टेबलावर ठेवता ठेवता परत उचललं. "हे आणखी आठवडाभर ठेवते."

दुसऱ्या दिवसापासून ती सपाटी शोधत होती. एकतीस वर्षं आणि वर आठ वर्षं जो मुलूख तिने तळहातासारखा पाहिला, त्यात कुठे काही सपाट आहे हे तिने कधी बघितलंच नव्हतं. बघायची वेळच आली नव्हती. हमरस्ता सपाट वाटायचा, पण यंत्र त्यालाही दोन दाखवायचं. ओढ्याकाठची वाट सपाट होती, पण चिखलाची. मंगळवार गेला, बुधवार गेला. नवरा रोज चाकांत हवा भरून द्यायचा आणि काही विचारायचा नाही. बुधवारी मात्र म्हणाला, "घोडं मेलं ओझ्याने आणि शिंगरू मेलं हेलपाट्याने, तसं नको करूस. एकीचं हृदय बिघडलंय तेवढं पुरे." आणि तिची बाटली भरून दिली.

गुरुवारी सापडली. दोन वस्त्यांच्या मधे, टेकडीच्या कुशीतून, ना वर ना खाली, कुणी दोरी धरून आखावा तसा रस्ता गेला होता. या टोकाला पाण्याची टाकी, त्या टोकाला बंद पडलेलं दूधकेंद्र. दोन किलोमीटर आणि सहाशे मीटर. यंत्रावर शून्य आलं. ती जाऊन परत आली, तेव्हाही शून्यच. तिथे ती शेकडो वेळा मीटर वाचायला आली होती, आणि हा रस्ता सोपा आहे एवढंही तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं. सोप्या रस्त्याकडे कोण बघतं?

रविवारी नवऱ्याने शेजाऱ्याचा टेंपो मागून आणला, दोन्ही सायकली मागे निजवल्या आणि दोघींना टाकीपाशी उतरवून तो सावलीत वर्तमानपत्र घेऊन बसला. वन्सं सायकलवर बसल्या. पहिल्या शंभर मीटरात त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं, वहिनी आहे ना. मग त्या बोलायला लागल्या. टाकीपासून दूधकेंद्रापर्यंत बोलल्या, तिथे सायकल वळवताना बोलल्या, परत टाकीपर्यंत बोलल्या. दादाला वाचताना ओठ हलवायची सवय आहे, ती आईची. डॉक्टरांच्या कोटाचं काज उसवलंय, ऑपरेशनच्या दिवशी सुईदोरा घेऊन जाणार आहे. भूल देताना आकडे मोजायला लावतात म्हणे, तर मी मोजणार नाही, मोजायला आमची वहिनी आहे. वहिनी अर्धं चाक मागे राहून येत होती. तिची वही घरी होती.

रस्त्याच्या मध्यावर एकच घर होतं. दारात एक बाई शेंगा सोलत बसली होती. पहिल्यांदा तिने मान वर केली. परतताना पुन्हा केली. तिसऱ्यांदा तिने सोलणं थांबवलं. चौथ्या वेळी ती उठून फाटकापर्यंत आली आणि हात वर करून दोघींना थांबवलंच.

"काही हरवलंय का हो तुमचं?"

"अजून तरी नाही," वन्सं म्हणाल्या. त्यांनी पाय टेकला. मग त्या उतरल्या आणि फाटकाला टेकून त्या अनोळखी बाईला पहिल्यापासून सांगायला लागल्या: झडप, पाच आठवडे, डॉक्टरांचं काज आणि सबंध मुलुखात एवढाच एक सपाट तुकडा. बाईने एकदा वळून आपल्याच दारासमोरचा रस्ता बघितला. वहिनी एका हाताने आपली आणि एका हाताने वन्संची सायकल धरून उन्हात उभी राहिली. अजून दोन फेऱ्या राहिल्या होत्या, पण घाई काहीच नव्हती.